वेगळ्या चुलीचं पान

सेलूच्या स्टेशनावर मनमाडकडची गाडी थांबली, की आमचे घरमालक धोतराचा सोगा हातात धरून डब्याडब्यापाशी जात आणि खिडकीतल्या माणसाला विचारत, "तिकडं कोण आलं निवडून?" तो बिचारा नांदेडला कुणाच्या तरी लग्नाला निघालेला असायचा. मांडीवर पोर, पायाशी बोचकी. तो गोंधळून म्हणे, "कशात?" मालक पुढच्या डब्याकडं सरकत. "ह्येला बी ठाव न्हाई," असं स्वतःशीच पुटपुटत. निवडणुका होऊन वर्ष उलटलं तरी त्यांचं हे विचारणं सुटलं नव्हतं.

तिकडं म्हणजे इंग्रजी मुलखात. सेलू तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि मी बार्शीचा, म्हणजे तिकडचाच. बार्शीहून सेलू ही काही विलायत नव्हे. भाषा तीच, भाकरी तीच, आणि शिव्याही जवळपास त्याच. पण मधे हद्द होती. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर ट्रंक उघडून दाखवावी लागे, इंग्रजी रुपया बदलून निजामाचा हाली रुपया घ्यावा लागे आणि कचेरीतला कागद उर्दूत असल्यानं तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. माझ्यासारख्याला तिथं गैरमुल्की म्हणत. मी जिनिंग फॅक्टरीत कापूस पारखायला होतो. बोंडातला पुंजका चिमटीत धरायचा, ओढायचा, धागा किती लांब येतो ते बघायचं आणि पोत्यावर खूण करायची. अशी परदेशात माझी चार वर्षं गेली आणि ती सगळी या घरमालकांच्या माडीवर गेली. सगळं सेलू त्यांना अप्पाच म्हणे, मीही तेच म्हणत असे.

अप्पांचं दोरखंडाचं दुकान होतं. कासरे, म्होरक्या, वेसणी, चऱ्हाट. जातीचे लिंगायत वाणी, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, उंची बेताची आणि आवाज मात्र दोन माणसांचा. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येई. पण न पटणारं बोलणं आलं की ते मान वळवून नेमका तोच कान पुढं करीत. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की डावा कान. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, कुणाच्या उधळेपणाविषयी बोलायला सुरुवात केली की डावा कान.

निवडणुकीचं हे वेड त्यांना लागलं ते बार्शीलाच. कुठल्याशा सोयरिकीसाठी गेले होते, नेमकं तिकडं मतदान चाललं होतं. शाळेपुढं रांग लागलेली त्यांनी पाहिली. पाटील आणि पाटलाचा गडी एकाच रांगेत उभे, आणि गडी पुढं! सोयरीक राहिली बाजूला, अप्पा दिवसभर त्या शाळेपुढच्या लिंबाखाली बसून राहिले. परत आले ते हेच सांगत. "आत जातंय, पडद्यामागं काय करतंय कुनाला दिसत न्हाई, अन् भायेर येताना तोंडावर अशी कळा! जसं काय देवाशी बोलून आलंय."

त्या निवडणुकीच्या यादीत माझंही नाव होतं. थोडंफार शिकलेलो, म्हणून ते आलेलं. वडिलांचं पत्र आलं होतं, की मतदानाला येऊन जा. पण सुगी भरात होती, फॅक्टरीत पोत्यांच्या राशी लागलेल्या, मी गेलो नाही. ही गोष्ट अप्पांना कळली तेव्हा ते जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"तुमाला मत हाय?"

"आहे."

"सरकारनं घरी कागद धाडून सांगितलंय, या म्हणून?"

"तसंच काहीसं."

"अन् तुमी हितं कापूस चिवडायलात?"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते असं, "बार्शीवाले, आमाला न्हाई म्हणून आमी रडायलाव. तुमाला हाय, तर तुमी झोपायलात. शंभूचा कारभारच उलटा." मी हसून सोडून दिलं. तेव्हा मी पुष्कळ गोष्टी हसून सोडून देत असे.

बार्शीहून आल्यावर अप्पांनी घरात मतदान सुरू केलं. मतदार तीन. अप्पा, काकू आणि माडीवरचा भाडेकरू मी. सकाळच्या पूजेसाठी बेल आणलेला असेच. त्यातली तीन पानं ते आम्हाला वाटत. कोनाड्यात दोन वाट्या ठेवलेल्या, पुढं पंच्याचा पडदा. एका वाटीपुढं वांगं, दुसरीपुढं शेपूची काडी. एकेकानं जायचं, पान टाकायचं आणि काही न बोलता बाहेर यायचं. मग अप्पा वाट्या बाहेर आणून मोठ्यानं निकाल जाहीर करीत. निकाल काहीही लागो, ताटात अंबाडीची भाजी येई, कारण काकूंनी ती आधीच चिरलेली असे. अप्पा भाजीकडं बघत आणि मला म्हणत, "रयतेनं कौल दिला, पण सरकार ऐकत न्हाई." काकू आतून म्हणत, "सरकारला चूल फुंकावी लागती, रयत नुस्ती पानं टाकती."

बेलाचं पान घेताना अप्पा ते उजेडात धरून बघत. तीन दळं शाबूत पाहिजेत. किडलेलं, फाटलेलं, दोनच दळांचं पान ते बाजूला टाकीत. मी कापूस बघतो त्यापेक्षा ते बेल बारकाईनं बघत. हात वर करून कौल द्यायची पद्धत त्यांना मुळीच मान्य नव्हती. "हात वर केला की शेजारी आधी आपल्या हाताकडं बघतो, मंग तोंडाकडं. पान झाकून टाकायचं. त्ये फकस्त शंभूनं बघायचं," असं ते बजावीत.

असल्या माणसाला गावानं फार मनावर घेतलं नव्हतं. पण मठाच्या पडवीचा प्रश्न आला तेव्हा त्यांची ही पानं एकदम खरी झाली.

आमच्या गल्लीच्या टोकाला लिंगायतांचा मठ होता. त्याची पडवी चांगली लांबरुंद, दगडी फरशीची. दर साली कापूस यायला लागला की पेठेतले एक अडते ती पडवी पोत्यांनी भरून टाकत, ती थेट चैत्रापर्यंत. तेही त्याच समाजातले, वजनदार माणूस, तहसील कचेरीत ऊठबस. कुणी हरकत घेत नसे. अप्पांनी घेतली. त्यांचं म्हणणं, ही पडवी पोरींच्या शाळेला द्या. सरकारी शाळेत उर्दू, आणि तिथं पोरींना कुणी पाठवत नव्हतं. मराठी शाळा काढायची तर परवानगीच्या खेपा. त्यावर अप्पांचा तोडगा तयार होता. "शाळा म्हणायचंच न्हाई. मठात पोरी स्तोत्र पाठ करायला येतेत. पाठ करता करता पाटीवर लिवलं, तर कुनाच्या बाचं काय जातंय?"

शिकवायला बाईही त्यांनी हेरून ठेवली होती. मठाच्या मागच्या खोलीत एक विधवा राहत असे. तिचं सासर जवळच्या झरी गावचं, म्हणून तिला सगळे झरीवाली म्हणत. माहेर मात्र बार्शीजवळच्या वैरागचं, म्हणजे आमच्या मुलखातलं, आणि तिथं ती चौथी पास झालेली. वय असेल पंचविशीचं. नवरा गेल्यावर दिराच्या घरात तिचं पटेना, म्हणून ती सेलूला आली होती. मठाच्या वाती वळायची, गिरणीआधी लोकांचं धान्य निवडून द्यायची आणि स्वतःपुरतं शिजवून खायची. मी जाता येता तिला बघितलेलं, एवढंच. कधी खडूचा तुकडा घेऊन ती मठाच्या फरशीवर शेजारच्या पोरींना अक्षरं काढून दाखवी आणि मठाचे स्वामी यायच्या आत पुसून टाकी. शाळा झाली तर घरोघरचं पसाभर पीठ तिला मिळणार होतं आणि तिला सेलूत मानानं राहता येणार होतं. नाही झाली, तर दिवाळीपासून झरीला येऊन राहा, असं दिरानं निक्षून सांगितलं होतं. एकटी बाई किती दिवस ठेवायची, लोक आम्हाला बोलतात, असं त्याचं म्हणणं. त्या पडवीवर तिचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं आणि हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी मठात समाज बसायचं ठरलं. अप्पांनी स्वामींकडून कबूल करून घेतलं, की हात वर करायचे नाहीत, पानं टाकायची. अडते म्हणाले, असली सभा भरवायला तहसिलीची परवानगी लागते. अप्पांनी आधी त्यांच्यापुढं डावा कान केला, मग म्हणाले, "पूजेला परवानगी लागत न्हाई. बेल वाहणं ही पूजाच हाय." स्वामी हसले आणि तिथंच ते मान्य झालं.

मत द्यायचं ते चुलीमागं एक. त्या समाजाचं जुनंच माप होतं ते. घरात चार भाऊ असोत की दहा, चूल एक तर शब्द एक. आणि वेगळी चूल कुठली धरायची, तर जिच्यावर पोळ्याचं पुरण शिजलं ती. रोजचं काय कुणीही दगडावर शिजवून खाईल, सणाचं पुरण जिथं शिजतं ते घर. पोळ्याला बैल असतील तर सजवायचे, पुरणाचा नैवेद्य करायचा आणि एकाला तरी जेवू घालायचं. एवढं झालं की चुलीला मान. बरोबरी झाली, तर आहे तसंच पुढं चालू, हाही जुना नेम होता.

अप्पांनी मागणी केली, की झरीवालीची चूलही धरा. अडते म्हणाले, बाईला कसलं आलंय मत? अप्पांनी आपल्या गळ्यातलं लिंग हातात धरून दाखवलं. "ह्ये बायकांच्या गळ्यात हाय का न्हाई? शंभूला बाई चालती, अन् तुमच्या पोत्यांना चालत न्हाई व्हय?" अडत्यांनी तो मुद्दा सोडला. पण तिची चूल खरंच वेगळी का, हा वाद राहिलाच. मोजदादीनंतर तो बघू, असं ठरलं.

आणि मोजायला कोण? ज्याचा पडवीत जीव अडकलेला नाही असा. अप्पांनी माझं नाव घेतलं. "बार्शीवाले आमच्यातले न्हाईत, अन् ह्या राज्यातले बी न्हाईत. त्येंच्या मुलखात असलं रोज चालतंय." मी स्वतःच्या मुलखात एकदाही मत दिलेलं नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अडत्यांनी पण मान डोलावली. त्यांचा कापूस आमच्याच फॅक्टरीत येई. आदल्या दिवशी ते मला पेठेत भेटले, चहा पाजला आणि उठता उठता सहज म्हणाले, "गैरमुल्की माणसाची कचेरीत नोंद असती. आमी हाव म्हणून कुनी इचारत न्हाई. जपून ऱ्हावा." मी चहाबद्दल आभार मानले.

त्या सोमवारी मठात पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष पडवीत, बायका आतल्या दाराशी. गाभाऱ्याशेजारच्या खोलीत घोंगडीचा पडदा लावून दोन घागरी ठेवलेल्या. एकीपुढं पाटी, दुसरीपुढं कापसाचा पुंजका. अप्पा दाराशी टोपली घेऊन बसले होते आणि प्रत्येक पान उजेडात धरून देत होते. चुलीचुलीचे कारभारी आत जात होते. एरवी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध असलेली माणसंही बाहेर आल्यावर गप्प बसत होती. बाहेर अडत्यांचे दोन गडी उभे राहून प्रत्येकाचं तोंड न्याहाळत होते. सगळ्यांत शेवटी झरीवालीनं पान घेतलं, पण ते घागरीत टाकू दिलं गेलं नाही. स्वामींनी ते एका ताटलीत माझ्यापुढं ठेवायला सांगितलं.

मी पानं मोजली. एकदा मोजली, दोनदा मोजली. बरोबरी होती.

मला ताटलीतलं ते एक पान सोडून दुसरं काही दिसेना. बरोबरी म्हणजे पडवीत पोती. ते पान धरलं तर शाळा. ते कुठल्या घागरीत जाणार होतं हे सांगायला कुणाला ज्योतिषी नको होता.

स्वामींनी बाईला विचारलं, "पोळ्याला चूल पेटली होती का?"

ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. पण आवाज स्वच्छ आला. "पेटली हुती. पुरण केलं हुतं."

अडते हसले. "एकलीनं एकलीसाठी पुरण घातलं? अन् खाल्लं कुनी?"

तिनं पदर आणखी पुढं ओढला.

खाल्लं कुणी, हे त्या मठात तिघांना माहीत होतं. एक ती, दुसरे अप्पा, तिसरा मी.

झालं होतं असं. पोळ्याच्या आधी मला हिवतापानं धरलं. वैद्यानं तीन दिवस लंघन सांगितलं. काकू लेकीच्या बाळंतपणाला पिंगळीला गेलेल्या. अप्पांच्या दुकानात कासऱ्या-म्होरक्यांसाठी उभ्या गावाची रीघ. पोळ्याच्या सकाळी ताप उतरला आणि मला अशी भूक लागली, की भिंतीचा पोपडा खावासा वाटावा. वैद्य म्हणाला होता पेज. घरात पेज करायलाही कुणी नव्हतं. भरदुपारी अप्पा जिना चढून आले, हातात झाकलेलं ताट. "आज सणाचं उपाशी ऱ्हाऊ नये. झरीवालीला सांगून आलो हुतो, परमुलखातलं लेकरू हाय, एक पान जास्तीचं कर म्हणून." खरं म्हणजे ती स्वतःसाठी काही करणारच नव्हती. जे केलं ते माझ्यासाठी केलं. दोन पोळ्या होत्या, पुरणात सुंठ घातलेली, वर तुपाची धार. मी चाटूनपुसून खाल्लं. अप्पा समोर बसून बघत होते आणि म्हणत होते, "वैद्याला सांगू नगा." वैरागकडं पुरणात सुंठ घालतात. माझी आईही तशीच घाले. इतक्या दिवसांनी घरचं खाल्ल्यासारखं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही अप्पांनी बघितलं होतं.

म्हणून मठात ती गप्प राहिल्यावर अप्पा उठून उभे राहिले. त्यांच्या मनात काळंबेरं कधी नव्हतंच, ते दुसऱ्याच्या मनात असेल हे त्यांना सुचलंही नाही. भरल्या सभेत आपल्या दोन माणसांच्या आवाजात ते म्हणाले, "खाल्लं कुनी म्हणून काय इचारता? ह्ये मोजायला बसलेत न्हवं, बार्शीवाले, ह्येंनी खाल्लं! म्या सोता ताट नेलं. इचारा त्येंना!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. कुणीतरी मागं फिसकन हसलं. अडते अगदी गोड आवाजात म्हणाले, "असं व्हय? एकल्या बाईच्या चुलीवरचं ह्यांना जात हुतं? मंग तर चूल वेगळीच म्हणायची!" आता हसू पसरलं.

अप्पा माझ्याकडं बघत होते. खात्रीनं बघत होते. गोष्ट खरी, सांगणारा मी, त्यात अवघड ते काय?

मला एवढंच म्हणायचं होतं, की हो, खाल्लं, आजारी होतो, अप्पांनी आणून दिलं. एका दमात सांगून झालं असतं. पण माझ्या डोक्यात एकदम सगळं आलं. कचेरीतली नोंद आली. फॅक्टरीत दुसऱ्या दिवशी लोक काय म्हणतील ते आलं. बार्शीला माझ्यासाठी एक मुलगी बघून ठेवलेली होती, तिच्या बापापर्यंत हे कसं पोचेल ते आलं. मी म्हणालो, "अप्पांची काहीतरी चूक होतेय. त्या दिवशी मला ताप होता. माझं लंघन होतं."

मी आजारी होतो हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. वैद्य तिथंच बसलेला, त्यानंही मान हलवली. लंघन होतं, म्हणजे खाल्लं नाही. खाल्लं नाही, म्हणजे बाई खोटं बोलली, तेही मठात, लिंगाच्या साक्षीनं. स्वामींनी डोळे मिटले आणि ताटली बाजूला सरकवली.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आलो, की मी तिची अब्रू वाचवली. साफ खोटं आहे हे. अब्रू मी माझी वाचवली, तिची घालवली. बाईनं एका आजारी माणसाला जेवू घातलं यात लपवण्यासारखं काय होतं? मी लपवलं, म्हणून ते लपवण्यासारखं झालं. दाराच्या चौकटीवरचा तिचा हात खाली आला, एवढंच मला दिसलं. तिनं वर बघितलं नाही. आत गेली.

अप्पा उभेच होते. त्यांनी मान वळवून डावा कान माझ्याकडं केला. इतकी वर्षं तो कान मी गिऱ्हाइकांसाठी बघितला होता, माझ्यासाठी पहिल्यांदा.

आठ दिवसांत पडवीत पोती लागली. त्यातली निम्मी मीच पारखली होती. दिवाळीआधी दीर बैलगाडी घेऊन आला. गाडीत एक ट्रंक, एक जातं, आणि ती. अप्पांनी दुकानातला नवा कासरा गाडीवानाच्या हातात दिला. मी फॅक्टरीत होतो. खरं सांगायचं तर फॅक्टरीत जायची ती वेळ नव्हती, मी मुद्दाम गेलो होतो.

घरातलं मतदान अप्पांनी बंद केलं नाही. वांगी की शेपू चालूच राहिलं. मलाही ते रोज पान देत, पण आता उजेडात धरून बघत नसत. टोपलीतलं हाताला येईल ते उचलून पुढं करीत. एकदा मला दोन दळांचं आलं. मी ते घेऊन तसाच पडद्याआड गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. काकूंना यातलं किती माहीत होतं कोण जाणे. त्या दिवशी मात्र निकालाप्रमाणं त्यांनी वांगी केली.

पुढच्या वर्षी मी बार्शीच्या फॅक्टरीत जागा मिळवली. अप्पा मला पोचवायला स्टेशनावर आले. गाडीला उशीर होता. मी दोनतीनदा बोलायला सुरुवात केली आणि ते सिग्नलकडं बघत राहिले. शेवटी गाडी दिसायला लागली तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बार्शीवाले, चूक माझीच झाली. तुमाला झाकायची सवय लावली म्या. पर मत झाकून देयाचं असतंय. गवाही उघडी देयाची असती. तुमी उलटं केलात." राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. राग असता तर मला सोपं गेलं असतं. गाडी थांबली, मी डब्यात चढलो, खिडकीशी बसलो. अप्पा पुढच्या डब्याकडं निघून गेले आणि खिडकीतल्या कुणाला तरी विचारू लागले, "तिकडं कोण आलं निवडून?"

त्यानंतर पुष्कळ घडलं. निजामाचं राज्य जायच्या आधीच्या दिवसांत सेलूकडून येणाऱ्या माणसांचे लोंढेच्या लोंढे बार्शीत उतरले, त्यात मी अप्पांना शोधत असे. ते आले नाहीत. राज्य गेलं, हद्द गेली, करोडगिरीचा नाका ओस पडला. आता मला कुणी गैरमुल्की म्हणणार नव्हतं. त्याच हंगामात कापूस बघायला मला परभणीकडं धाडलं आणि पहिलंच गाव आलं झरी. ज्या घरचा कापूस बघायचा होता ते झरीवालीच्या दिराचं आहे, हे ओसरीवर बसून पाणी प्यायल्यावर मला कळलं.

त्या गृहस्थानं मला ओळखलं नाही. सेलूला होतो म्हटल्यावर त्यानं आपणहून अप्पांचा विषय काढला. दोन वर्षांमागं ते वारले होते. "लय येगळा माणूस," तो म्हणाला. "मठात दर साली पंच निवडायचे, तर पानं टाकायची रीत त्येंनीच ठिवली. आपलं पान घागरीत टाकायचे, अन् अजून एक पान घागरीच्या भायेर, खाली फरशीवर ठिवायचे. कुनी इचारलं तर म्हणायचे, ह्ये येगळ्या चुलीचं. मोजू नगा, पर तुडवू बी नगा. लोक हसायचे. मरायच्या साली तर दोघांनी धरून नेलं हुतं, तरी ठिवलं."

मी हातातला पुंजका ओढत होतो. धागा किती आला ते मला दिसत नव्हतं.

मग ताट वाढल्याचं सांगायला कुणीतरी आलं. मी नको म्हणालो, उशीर होतो म्हणालो. यजमान ऐकेना. दुपारचा पाव्हणा घरून तसा जाऊ द्यायची पद्धत नाही. तेवढ्यात आतून, चुलीपुढून, बायकी आवाज आला. दहा वर्षांपूर्वी मठात ऐकलेला, तसाच स्वच्छ.

"भावजी, पावण्यांना आदी इचारा. आज लंघन तर न्हाई न्हवं?"

दिराला त्यात काही वाटलं नाही. त्यानं हसून मला विचारलं, "न्हाई न्हवं?"

"नाही," मी म्हणालो. आणि मग आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "तेव्हाही नव्हतं."

आतून तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज तेवढा आला. मी हातपाय धुतले आणि पानावर बसलो.